पाणी वाटून देणारा डोंगर: खरवईहून दुचाकीचा एक फेरा

माळशेज घाटाच्या माथ्यावर पश्चिमेकडे पडलेला पावसाचा थेंब काळू नदीत उतरतो, काळू उल्हासला मिळते आणि कल्याणची खाडी ओलांडून तो थेंब दीडशे किलोमीटरच्या आत अरबी समुद्रात पोहोचतो. त्याच सरीतला शेजारचा थेंब जरा पूर्वेला पडला, तर पुष्पावतीत जातो. पुष्पावती, कुकडी, घोड, भीमा आणि कृष्णा अशा पाच नद्यांतून हजाराहून अधिक किलोमीटर वाहत तो आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात मिसळतो. या दोन थेंबांना वेगळे करणाऱ्या रेषेला भूगोलात जलविभाजक म्हणतात. दुचाकीवरून ती ओलांडायला काही क्षण पुरतात आणि तिथे पाटी नसल्याने बहुतेकांना ती ओलांडल्याचे कळतही नाही.

अमेरिकेत रॉकी पर्वतातल्या खिंडींमध्ये अशा रेषेवर फलक लावलेले असतात आणि प्रवासी तिथे आवर्जून थांबतात. बदलापूरच्या खरवईतून निघून सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा एक फेरा आखला, तर अशी रेषा एकदा नव्हे, तीनदा ओलांडता येते. उल्हासच्या खोऱ्यातून कृष्णेच्या, तिथून गोदावरीच्या आणि पुन्हा उल्हासच्या खोऱ्यात. वाटेत महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर आहे, शंभर वर्षे जुने धरण आहे आणि मुंबईची निम्मी तहान भागवणारा जलाशयही आहे. या मार्गावर कधी निघावे, कोणता घाट चढावा, कोणता उतरावा आणि मुक्काम कुठे करावा, हे सगळे पाणी पाहून ठरवले की आखणी सोपी होते.

खरवई: फेऱ्याचे पहिले टोक

खरवई हे कुळगाव-बदलापूर नगरपालिकेच्या हद्दीतले जुने गाव. आता त्याच्या भोवती कारखाने आणि इमारती आहेत. रेल्वेच्या भाषेत ते बदलापूर पूर्वेला येते. कल्याणनंतर कर्जतकडे जाणारा लोहमार्ग आग्नेयेला वळतो, त्यामुळे इथली ‘पूर्व’ नकाशावर दक्षिणेकडे आणि नैर्ऋत्येकडे पडते. चंदेरी, तावली आणि माथेरानची डोंगररांग याच अंगाला आहे. सह्याद्रीची मुख्य भिंत मात्र उलट दिशेला, उल्हास नदीपलीकडे मुरबाडच्या बाजूला आहे. म्हणून खऱ्या पूर्वेला जाण्यासाठी खरवईच्या दुचाकीस्वाराला आधी रूळ ओलांडून ‘पश्चिमेला’ जावे लागते.

उल्हास नदी लोणावळा-राजमाचीच्या डोंगरात उगम पावते आणि १२२ किलोमीटर वाहते. तिचा उतार घाटाखाली एकदम कमी होतो, त्यामुळे वरच्या डोंगरातला पाऊस खालच्या सपाटीवर झपाट्याने साचतो. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. जुलैतल्या मुसळधार पावसात दुचाकी काढण्याचा बेत करणाऱ्याने ही तारीख लक्षात ठेवावी. घाटात दरड कोसळली नाही, तरी घराजवळचा पूल पाण्याखाली जाऊ शकतो.

बदलापूरहून मुळगावमार्गे निघालेला रस्ता बारवी धरणापाशी येतो. हे धरण पाटबंधारे खात्याचे नाही, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे आहे. पहिला टप्पा १९७२ चा, पुढे उंची टप्प्याटप्प्याने वाढवली आणि आता साठा सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर आहे. कारखान्यांबरोबरच ठाणे जिल्ह्यातल्या अनेक शहरांना इथून पाणी मिळते. पाण्याने ७२.६० मीटरची पातळी गाठली की स्वयंचलित दरवाजे उघडतात आणि विसर्ग बारवी नदीतून उल्हासमध्ये येतो. वाढीव उंचीमुळे तोंडली, काचकोली, मानिवली अशा पाड्या-गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. फेऱ्यातले पहिले देखणे पाणी हे विस्थापनाचेही पाणी आहे.

पहिली रेषा: माळशेज

मुरबाडला कल्याण-अहिल्यानगर महामार्ग लागतो. पूर्वीचा २२२, आताचा राष्ट्रीय महामार्ग ६१. उजव्या हाताला मच्छिंद्रगड, गोरखगड आणि सिद्धगडाचे सुळके दिसू लागतात. सिद्धगडाच्या जंगलात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे स्वातंत्र्यसैनिक पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. टोकावडे, वैशाखरे मागे पडले की नाणेघाटाची पायवाट सुटते. सातवाहन काळात कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच घाटाने जुन्नरला चढत असे. वरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. त्यात यज्ञांच्या दक्षिणा मोजताना कोरलेले आकडे भारतीय अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत गणले जातात. दोन हजार वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांनी निवडलेली वाट आणि आजचा डांबरी रस्ता एकमेकांपासून फार दूर नाहीत. कोकणातून पठारावर चढण्याजोग्या जागा डोंगराने मोजक्याच ठेवल्या आहेत.

मोरोशीपाशी भैरवगड दिसतो. सपाट भिंतीसारखा उभा असलेला हा कातळ भूगर्भातल्या भेगेत शिरून थिजलेल्या लाव्ह्याचा आहे. आजूबाजूचा तुलनेने मऊ खडक झिजला, भेगेतला कठीण खडक राहिला. सह्याद्रीचा बाकी डोंगर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा. प्रत्येक थराची झीज वेगळी, म्हणून कड्यांवर आडव्या पायऱ्या दिसतात. पावसाळ्यात एकेका पायरीवरून पाणी पडते आणि एकच धबधबा चार-पाच टप्प्यांत उतरतो.

पायथ्यापासून माथ्यापर्यंत रस्ता पाचशे-सहाशे मीटर चढतो. हवा हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे घाटमाथ्यावर तीन-चार अंशांचा फरक पडतो. समुद्रावरून आलेले बाष्प या भिंतीवर चढताना थंड होते आणि तिथेच रिते होते. माळशेजचे धुके हे बहुतेक वेळा रस्त्यावर टेकलेला ढगच असतो. हेल्मेटच्या काचेवर आतून वाफ धरते, म्हणून घाट सुरू होण्याआधी काच थोडी उघडी ठेवावी आणि दिवा खालच्या झोतावर ठेवावा. वरचा झोत धुक्यावर आदळून डोळ्यांतच परततो.

माथ्यावर रेषा ओलांडली की लगेच देखावा बदलतो. खडी भिंत संपते, उतार पसरट होतो आणि डावीकडे पिंपळगाव जोगा धरणाचे लांबट पाणी दिसते. पुष्पावतीवरचे हे धरण कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी एक. माणिकडोह, येडगाव, डिंभे आणि वडज ही बाकीची चार. खुबी फाट्यावरून खिरेश्वरला जाणारा रस्ता धरणाच्या भिंतीवरून जातो आणि समोर १४२४ मीटरचा हरिश्चंद्रगड उभा राहतो.

दुसरी रेषा: ओतूर ते ब्राह्मणवाडा

मढ, ओतूर असे करत महामार्ग पूर्वेला जातो. बहुतेक प्रवासी इथून आळेफाट्याकडे किंवा जुन्नरकडे वळतात. आपल्या फेऱ्यात ओतूरहून उत्तरेला, ब्राह्मणवाड्याच्या रस्त्याला लागायचे. हरिश्चंद्रगडापासून पूर्वेला पसरलेली डोंगररांग इथे ओलांडावी लागते. चढ माळशेजइतका नाट्यमय नाही, पण ही रेषा भूगोलाच्या दृष्टीने मोठी आहे. दक्षिणेचे पाणी कृष्णेचे, उत्तरेचे गोदावरीचे. दोन्ही नद्या बंगालच्या उपसागरालाच मिळतात, तरी मधे मराठवाड्याचा आणि तेलंगणाचा मोठा भाग राहतो.

ब्राह्मणवाड्यापासून कोतूळपर्यंत मुळा नदीचे खोरे. अकोले तालुका हा पावसाच्या फरकाचा जिवंत तक्ता आहे. पश्चिम टोकाला घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर शेजारच्या संगमनेरला जेमतेम साडेचारशे-पाचशे. काही तासांच्या प्रवासात भाताची खाचरे, मग भुईमूग, मग बाजरी आणि ऊस असे शेत बदलत जाते. याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचे बियाणे जपले आणि त्यांना पद्मश्री मिळाली. पावसाच्या इतक्या पट्ट्यांत इतकी वेगवेगळी वाणे का टिकली असतील, हे रस्ताच समजावून सांगतो.

भंडारदरा: शंभर वर्षांचे पाणी

कोतूळहून राजूर आणि राजूरहून शेंडी. इथे रतनगडावर उगम पावलेल्या प्रवरेवर विल्सन धरण बांधलेले आहे. १९१० मध्ये काम सुरू झाले, १९२६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. दगडी बांधकामाची ही भिंत सुमारे ८२ मीटर उंच आहे आणि त्या काळी ती देशातल्या सर्वांत उंच धरणांत होती. मागे पसरलेल्या आर्थर जलाशयात ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे सुमारे ११ टीएमसी पाणी मावते.

हे पाणी पर्यटकांसाठी अडवलेले नव्हते. प्रवरेच्या कालव्यांनी संगमनेर-श्रीरामपूरचा दुष्काळी पट्टा भिजवायचा होता. तो भिजला, ऊस आला आणि १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा राहिला. घाटघरच्या कड्यावर कोसळणारा पाऊस आणि प्रवरानगरची साखर ही एकाच प्रवाहाची दोन टोके आहेत. खालच्या बाजूला निळवंडे धरण आहे. त्याला १९७० मध्ये मान्यता मिळाली आणि डाव्या कालव्याचे लोकार्पण थेट २०२३ मध्ये झाले.

शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी असा जलाशयाला वळसा घालणारा रस्ता चाळीसेक किलोमीटरचा आहे. या फेऱ्यातला एक पूर्ण दिवस त्याला द्यावा. रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर भूमिज शैलीतले, शिखरावर छोट्या शिखरांच्या उभ्या ओळी असलेले. साम्रदला सांदण दरी, जमिनीत पडलेली अरुंद खोल चीर. पावसाळ्यात तिथे उतरू नये. रंधा धबधबा सुमारे १७० फुटांचा. त्याचे पाणी धरणातून किती सोडले आहे त्यावर अवलंबून असते, म्हणून नुसत्या पावसाचा अंदाज पाहून निघालेल्यांची कधीकधी निराशा होते.

हा मुलूख महादेव कोळी आणि ठाकर समाजाचा आहे. देवगावचे राघोजी भांगरे यांनी इथल्या डोंगरांतून इंग्रजांशी आणि सावकारशाहीशी झुंज दिली. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. १९८६ मध्ये या परिसराला कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा दर्जा मिळाला. गावातल्या घरगुती मुक्कामाला पैसे दिले तर ते इथेच राहतात, आणि नाचणीची भाकरी, इंद्रायणी तांदळाचा भात व पिठले ताटात येते ते वेगळेच.

घाटघर: वर चढणारे पाणी

फेऱ्यातले सर्वांत मोठे आश्चर्य घाटघरच्या कड्यावर आहे, आणि ते डोळ्यांना जवळपास दिसत नाही. कड्याच्या वर प्रवरेच्या खोऱ्यात एक धरण आणि कड्याखाली, शहापूर तालुक्यात, चोंढे इथे दुसरे धरण. दोन्ही धरणांना डोंगराच्या पोटातले बोगदे आणि भूमिगत वीजगृह जोडते. विजेची मागणी असते तेव्हा वरचे पाणी चारशेहून अधिक मीटर खाली सोडून २५० मेगावॉट वीज तयार होते. मागणी घटली की तीच यंत्रे उलटी फिरून खालचे पाणी वर ढकलतात. म्हणजे हा डोंगराआडचा साठवलेल्या विजेचा हौद आहे. प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला आणि त्याची धरणे रोलरने दाबलेल्या काँक्रीटची आहेत. देशातल्या तशा पहिल्या काही धरणांत त्यांची गणना होते.

इथे जलविभाजकाचा नियम माणसाने मोडला आहे. निसर्गाने एकीकडे वाटून दिलेले पाणी रोज रेषा ओलांडून खाली जाते आणि पुन्हा वर येते. कड्याच्या कठड्याजवळ उभे राहून खालचे कोकण पाहताना ही उलथापालथ पायांखाली चालू असते.

तिसरी रेषा: कसारा

शेंडीहून घोटीकडे जाताना बारी गाव लागते. डाव्या हाताला कळसूबाईचे शिखर, उंची १६४६ मीटर. त्याच रांगेत पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग हे तीन दुर्ग. कुलंगच्या बाजूने दारणा नदी निघते आणि १९१६ च्या दारणा धरणातून गोदावरीला मिळते. घोटीजवळून वैतरणेच्या खोऱ्याकडे रस्ता जातो. त्र्यंबकच्या डोंगरांत गोदावरी आणि वैतरणा जवळजवळ उगम पावतात. अरबी समुद्र तिथून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. वैतरणा तो जवळचा समुद्र गाठते, गोदावरी मात्र पाठ फिरवून १४६५ किलोमीटर चालते.

इगतपुरी सोडली की थळ घाट, म्हणजे कसारा घाट. तिसरी रेषा इथे ओलांडली जाते आणि भातसा नदीचे खोरे लागते. शेजारून रेल्वे उतरते. हा लोहमार्ग १८६५ मध्ये खुला झाला. ३७ फुटांना एक फूट असा त्याचा चढ असल्याने वर जाणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात. महामार्गावर घाटाचे जुना आणि नवा असे दोन रस्ते असल्याने समोरून येणाऱ्या वाहनांचा त्रास कमी असतो. समृद्धी महामार्ग इगतपुरीजवळच्या बोगद्यातून हेच अंतर मिनिटांत कापतो, पण तिथे दुचाकीला बंदी आहे. मोबाईलचा नकाशा तो मार्ग सुचवत असेल, तर दुचाकीचा पर्याय निवडला आहे ना, हे आधी तपासावे.

शहापूरजवळ भातसा जलाशय. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण उपयुक्त क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर, त्यातले ७,१७,०३७ एकट्या भातसाचे. शहापूरहून किन्हवली, सरळगाव, मुरबाड आणि बारवीमार्गे खरवई. भातसा काळूला मिळते, काळू उल्हासला. रस्ता आणि पाणी दोन्ही एकाच खोऱ्यात परततात.

ऋतू निवडताना

मे अखेर ते मध्य जून: भंडारदऱ्याच्या रानात काजवे चमकतात. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचे दिवे इंजिन सुरू असेपर्यंत बंद होत नाहीत आणि काजव्यांचे मीलन प्रकाशाच्या खुणांवर अवलंबून असते. म्हणून गाडी गावातच उभी करून पायी जावे.

जुलै ते मध्य ऑगस्ट: धबधबे भरात, धोकाही भरात. दरडी, धुके, शेवाळलेला रस्ता. धबधब्यांवर जिल्हा प्रशासनाचे बंदी आदेश निघतात. निघण्याच्या आदल्या दिवशी ते आणि हवामान खात्याचा इशारा पाहावा. लाल किंवा नारिंगी इशारा असेल तर बेत पुढे ढकलावा.

सप्टेंबर ते ऑक्टोबर: सर्वांत उत्तम काळ. धरणे भरलेली, पठारांवर सोनकीची पिवळी फुले, आकाश मोकळे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पहाटे भंडारदऱ्याला कडाक्याची थंडी असते, पण रस्ते कोरडे आणि दूरचे डोंगर स्पष्ट. पौष पौर्णिमेला मुरबाडजवळ म्हशाची मोठी जत्रा भरते. गुरांचा बाजार आणि घोंगड्या पाहायच्या असतील तर तारीख जुळवावी, नसेल तर तो रस्ता टाळावा.

दिशा, वेळ आणि गाडी

फेरा माळशेजने चढून कसाऱ्याने उतरावा. माळशेजला दोन्ही बाजूंची वाहने एकाच रस्त्यावर असतात. ओल्या वळणावर चढणारी गाडी लवकर थांबते, उतरणारी घसरते. शिवाय सकाळी डोंगराची सावली घाटावर असते, ऊन डोळ्यांत येत नाही. कसारा पश्चिमेला उतरतो, म्हणून तो दुपारी तीनच्या आत संपवावा. संध्याकाळी मावळता सूर्य थेट समोर येतो.

या मार्गाला महागडी गाडी लागत नाही. शंभर ते दीडशे सीसीची, नीट देखभालीतली दुचाकी पुरते. निघण्याआधी ब्रेक, टायरची नक्षी, साखळीचा ताण, क्लचची केबल आणि दिवे तपासावेत. पंक्चरचे साहित्य आणि एक जादा केबल सोबत ठेवावी. मुरबाड, ओतूर, राजूर आणि घोटी इथे टाकी भरून घ्यावी. घाटघरकडे मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून नकाशा आधी उतरवून घ्यावा.

उतारावर गाडी कधीही न्यूट्रलला टाकू नये. खालच्या गिअरमध्ये इंजिनच वेग धरून ठेवते आणि ब्रेक तापत नाहीत. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते आणि ओल्या रस्त्यावर त्याहून वाढते. अरुंद चढावर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी, हा नियम आहे. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही हवे.

तीन दिवसांची वाटणी अशी ठेवता येईल. पहिला दिवस: खरवई, बारवी, माळशेज, ओतूर, कोतूळ, शेंडी, सुमारे दोनशे किलोमीटर, म्हणून पहाटे निघावे. दुसरा दिवस: फक्त भंडारदऱ्याचा वळसा. तिसरा दिवस: बारी, घोटी, कसारा, शहापूर, खरवई, दीडशे किलोमीटरच्या आसपास. दोनच दिवस हाताशी असतील तर भंडारदऱ्याच्या वळशातून रतनवाडीची बाजू सोडावी आणि घाटघर ठेवावे. ओतूर-ब्राह्मणवाडा रस्ता टाळून आळेफाटा-संगमनेरमार्गे मोठ्या रस्त्याने जाण्याचा मोह मात्र आवरावा. कृष्णा आणि गोदावरी यांच्यामधली रेषा त्याही वाटेने ओलांडली जाते, पण वाहनांच्या गर्दीत ती कुठे गेली हे समजत नाही.